वऱ्हाडची कपाशी आणि बीजाचें मौन

चिखलीहून खामगांवाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमडापूर हें गांव लागतें. तेथील टेकडीवर बल्लाळदेवीचें देवालय आहे, आणि भोंवतीं काळ्या, पावसाच्या पाण्यावरच अवलंबून असलेल्या जमिनीचीं शेतें पसरलेलीं आहेत. बुलढाणा जिल्ह्यांतील लोक आपल्या मुलखाचे 'घाटावरचा' व 'घाटाखालचा' असे दोन भाग मानतात. त्यांत अमडापूर घाटावरचें आणि खामगांव घाटाखालचें. या शेतांत आज सोयाबीननें कपाशीची पुष्कळ जागा घेतली आहे, तरी पऱ्हाटी व तूर येथून नाहींशी झालेली नाहीं. हा रस्ता ज्या पेठेस जाऊन मिळतो, ती एके काळीं हिंदुस्थानांतील कापसाच्या मोठ्या पेठांपैकीं एक होती. १८७० सालीं जलंबपासून खामगांवपर्यंत कापसाकरितां आगगाडीचा फांटा घालण्यांत आला, आणि त्याच्या उद्घाटनास गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो स्वतः आला होता.

त्या आगगाडीचा व त्या व्यापाराचा इतिहास पुष्कळांस ठाऊक आहे. प्रस्तुत लेखांत गाठींतल्या रुईचा नव्हे, तर त्या रुईखालीं दडलेल्या सरकीचा इतिहास सांगावयाचा आहे. गेलीं दीडशें वर्षें वऱ्हाडांत एकच वाद निरनिराळ्या रूपांनीं चालत आला आहे. चांगलें बीं म्हणजे कोणतें, आणि तें ओळखावें कसें? या वादाचा अलीकडचा अध्याय जनुकांच्या प्रकटीकरणाचा आहे. विषय नवा व शास्त्रीय असला तरी त्याचें मूळ जुन्या वादांतच आहे, हें दाखविण्याचा येथें विचार आहे.

१८५३ च्या तहानें वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. पुढें आठच वर्षांनीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. तेव्हां साऱ्यांची दृष्टि पश्चिम हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारांत उमरावतीच्या नांवावरून 'ऊमरा' या नांवानें ओळखला जाई. पण त्याचा धागा आंखूड, आणि त्यांत भेसळही फार, अशी तेथील व्यापाऱ्यांची तक्रार असे. १८६३ सालीं मुंबई इलाख्यांत भेसळीविरुद्ध कायदा झाला. मध्यप्रांत व वऱ्हाड यांकरितां कापसाचा स्वतंत्र कमिशनर नेमण्यांत आला, आणि हॅरी रिव्हेट-कार्नाक या अधिकाऱ्यानें त्या जागेवर असतांना चांगल्या बियांचा प्रसार करण्याविषयीं पुष्कळ खटपट केली. या खटपटीमागील कल्पना सरळ होती. हिंगणघाटकडील 'बनी' जातीच्या कपाशीचा धागा लांब व तलम. तेव्हां तेंच बीं सर्वत्र पेरलें जावें, म्हणजे तोच धागा सर्वत्र मिळेल. गुण हा बियांत बांधून ठेवलेला असतो, आणि गांठोडें उचलून कोठेंही नेलें तरी आंतील वस्तु बदलत नाहीं, असें त्या काळच्या साहेबांस वाटे.

शेतकऱ्याचा अनुभव निराळा होता. बनी कपाशीचें पीक कमी येई, आणि तिच्या कापसांतून रुई तिसऱ्या हिश्श्यापेक्षांही कमी निघे. तिच्या उलट पांढऱ्या फुलांची, आंखूड धाग्याची 'रोझियम' जात अधिक पिके, आणि तिच्या रुईचा उतारा शंभरांत चाळीसांच्या घरांत जाई. लांब धाग्यास बाजारांत जो चढा भाव मिळे, त्यानें ही तूट भरून येत नसे. मुंबईच्या गिरण्या व जपानचे व्यापारी आंखूड धागाही आनंदानें घेत. मग शेतकऱ्यानें रोझियम पेरली यांत नवल तें काय? सरकारी कागदांत या गोष्टीचा उल्लेख पुष्कळदां वऱ्हाडी कापसाचा 'ऱ्हास' म्हणून झालेला आढळतो. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शेतकी खात्यासच आपलें मत बदलावें लागलें, आणि त्यानें रोझियमची निवड करून तिचें शुद्ध बीं वांटण्यास प्रारंभ केला. पुढें रोझियमवर 'मर' रोग पडूं लागला, तेव्हां त्या रोगास दाद न देणाऱ्या 'व्हेरम' जाती निवडण्यांत आल्या. तात्पर्य, बियांची परीक्षा अमुक एका शेतांत, अमुक एका पावसांत तें काय करून दाखवितें यावरून करावयाची, हा शेतकऱ्याचा नियम या प्रसंगीं खरा ठरला.

याच सुमारास युरोपांत आनुवंशिकतेचें शास्त्र आकारास येत होतें. मेंडेल या धर्मोपदेशकानें वाटाण्यावर केलेले प्रयोग १८६६ सालीं प्रसिद्ध झाले होते. ते १९०० सालीं पुन्हां उजेडांत आले, आणि १९०९ सालीं योहानसेन या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञानें आनुवंशिक घटकास 'जीन' हें नांव दिलें. त्यासच आपण जनुक म्हणतों. आपल्या देशांत कानपूर येथें लीक यानें देशी कपाशीच्या फुलांचे रंग व पानांचे आकार संततींत कोणत्या प्रमाणांत उतरतात, याचा अभ्यास केला. १९२१ सालीं स्थापन झालेल्या मध्यवर्ती कापूस समितीनें संशोधनास पैसा पुरविला, आणि १९२४ सालीं मुंबईस माटुंगा येथें धाग्याची परीक्षा करणारी प्रयोगशाळा निघाली. तेव्हांपासून कपाशीची पैदास अंदाजावर न राहतां हिशोबावर आली. तरी या हिशोबांत एक उणीव राहिली. पैदास करणारा दोन झाडांचा संकर करी, हजारों झाडें लावी, आणि अखेरीस बोंडें फुटल्यावर जीं चांगलीं दिसतील तीं निवडी. जनुक बियांत आहे हें त्यास ठाऊक असे, फळ काय आलें हेंही दिसे. पण त्या दोहोंच्या मधल्या पांच-सहा महिन्यांत झाडाच्या अंगांत काय घडलें, हें मात्र पडद्याआड राही.

तो पडदा दूर होण्यास १९६१ सालापासून आरंभ झाला असें म्हणावयास हरकत नाहीं. त्या वर्षीं पॅरिस येथील झाकोब व मोनो या शास्त्रज्ञांनीं सूक्ष्म जंतूंवर प्रयोग करून असें दाखविलें कीं, जनुक असणें आणि तें कार्यरत असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. पेशी आपलीं जनुकें प्रसंगानुसार चालू व बंद करते. हें समजण्यास पेशव्यांच्या दप्तराचा दाखला घ्यावा. दप्तरांत हजारों रुमाल बांधून ठेवलेले आहेत. राज्याच्या प्रत्येक कचेरींत या संपूर्ण दप्तराची एकेक प्रत आहे, अशी कल्पना करा. तरीही पागेच्या कचेरींत एक रुमाल सोडला जाईल, कोठींत दुसरा. लढाईच्या दिवसांत जे कागद बाहेर येतील ते सुगीच्या दिवसांत बांधलेलेच राहतील. कागदाची नक्कल निघून ती कारकुनाच्या हातीं पडली, तरच हुकुमाची अंमलबजावणी होणार. कपाशीच्या पानांत, मुळांत, फुलांत व बोंडांत जनुकांचें दप्तर एकच असतें. निघणाऱ्या नकला मात्र निरनिराळ्या असतात. या नकला म्हणजेच आर. एन. ए. नांवाचे रेणू, आणि त्यांच्या आधारें पेशी प्रथिनें तयार करते. कोणत्या दिवशीं, कोणत्या अवयवांत, कोणत्या जनुकाच्या किती नकला निघाल्या व त्यापासून किती प्रथिन झालें, याची नोंद घेणें यालाच जनुकाच्या प्रकटीकरणाचा अभ्यास म्हणतात.

हा अभ्यास वऱ्हाडच्या शेतांत कसा येऊन पोंचला, हें आतां पाहूं. १९६९ सालीं अकोल्यास कृषि विद्यापीठ व १९७६ सालीं नागपुरास केंद्रीय कापूस संशोधन संस्था स्थापन झाली. दरम्यान १९७० सालीं सुरतेस चंद्रकांत पटेल यांनीं 'एच-४' हा कपाशीचा पहिला व्यापारी संकरित वाण काढला. संकरित पऱ्हाटीचें पीक भरघोस. पण तिची सरकी पुढील वर्षीं पेरल्यास संतति एकसारखी निघत नाहीं, म्हणून बियाणें दरवर्षीं विकत घ्यावें लागतें. अशा रीतीनें बीं निवडण्याचा जो अधिकार शेतकऱ्याच्या हातीं होता, तो हळूहळू दुकानाकडे गेला. पुढें बोंडअळीचा उपद्रव वाढला, फवारण्यांचा खर्चही वाढला, आणि २६ मार्च २००२ रोजीं केंद्र सरकारच्या समितीनें जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बी. टी. संकरित वाणांस परवानगी दिली. जालना हें चिखली तालुक्यापासून दूर नाहीं. जमिनींत सांपडणाऱ्या एका सूक्ष्म जंतूचें, अळीस मारक असें प्रथिन निर्माण करणारें जनुक या वाणांत घातलेलें होतें. थोड्याच वर्षांत महाराष्ट्राच्या बहुतेक कपाशीच्या शेतांत बी. टी. वाण दिसूं लागले.

येथें जुन्या साहेबांची जुनी कल्पना नव्या वेषांत पुन्हां अवतरली. पाकिटांत जनुक आहे, तेव्हां शेतांत संरक्षण आहे, असा सर्वांचा समज झाला. तो कितपत खरा, याची परीक्षा नागपूरच्या संस्थेंतील केशव क्रांति व त्यांचे सहकारी यांनीं केली, आणि २००५ सालीं 'करंट सायन्स' या नियतकालिकांत ती प्रसिद्ध केली. बाजारांतील आठ बी. टी. संकरित वाण घेऊन त्यांच्या पानांत, पात्यांत, फुलांत व बोंडांत तें मारक प्रथिन किती आहे, हें त्यांनीं हंगामभर मोजलें. निष्कर्ष विचार करण्याजोगे होते. प्रथिन सर्वांत जास्त पानांत सांपडलें. पात्या, बोंडें व फुलें यांचे अनुक्रम त्यानंतरचे. ज्या ठिकाणीं अळीचा खरा घाव पडतो, त्या बोंडाच्या सालींत व फुलाच्या बीजकोशांत तें संरक्षणास पुरेसें नव्हतें. झाडाचें वय वाढे तसतसें सर्वच वाणांत त्याचें प्रमाण उतरत गेलें. पेरणीनंतर शंभर-एकशेंदहा दिवसांच्या सुमारास तें एका ग्रॅममागें सुमारें दोन मायक्रोग्रॅम या आवश्यक मर्यादेच्याही खालीं जाई, आणि अळ्या जगूं लागत. मृगाच्या पावसावर पेरलेल्या पऱ्हाटीचे इतके दिवस हस्त-चित्रा नक्षत्रांच्या सुमारास भरतात. वऱ्हाडांत नेमकीं त्याच वेळीं बोंडें भरत असतात.

परंतु पैदाशीच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष याहून निराळा आहे. जनुक तेंच असूनही आठ वाणांत प्रथिनाचें प्रमाण सारखें नव्हतें. कांहींत तें लवकर उतरलें, कांहींत अधिक टिकलें. अर्थात् तें जनुक ज्या आईबापांच्या घरांत नांदत होतें, त्या घराचा हा परिणाम होता. हें जनुक प्रथम 'कोकर-३१२' या अमेरिकन कपाशींत घातलेलें होतें, आणि वारंवार संकर करून तें तिच्यांतून आपल्याकडील वाणांत उतरविण्यांत आलें. त्यास चालना देणारा भागही फुलकोबीवरील एका विषाणूपासून घेतलेला होता. असें परक्या गांवचें जनुक आपल्या कोरडवाहू रानांत, ताणाच्या दिवसांत, कोणत्या आईबापांच्या संगतींत अखेरपर्यंत कार्यरत राहतें, हें शोधून मगच वाण निवडावयास पाहिजे होता. वस्तुतः वाणांची निवड उत्पन्न व धागा पाहून झाली. मारक प्रथिनाची हंगामभराची मोजदाद ही निवडीची कसोटी करण्यांत आली नाहीं.

संकरित बियाण्यामुळें आणखी एक गोष्ट घडली. संकरित झाडास बी. टी. जनुक एकाच पालकाकडून मिळालेलें असतें. त्या झाडाच्या बोंडांतील सरकी ही पुढची पिढी असल्यामुळें मेंडेलच्या नियमाप्रमाणें तिच्यांतील सुमारें चतुर्थांश दाण्यांत तें जनुक मुळींच उतरत नाहीं. हिरवी बोंडअळी पानें, पात्या व बोंडें सर्वच खाते. गुलाबी बोंडअळी मात्र बोंडांत शिरून सरकीवरच उपजीविका करते. तिला एकाच बोंडांत विषारी व निर्विष दाणे शेजारीं शेजारीं मिळाले. अपुऱ्या विषावर वाढलेल्या किड्यांतून विष पचविणारी संतति निर्माण होण्यास अशी स्थिति फार अनुकूल असते. २०१० सालीं गुजरातेंत या अळीनें पहिल्या बी. टी. प्रथिनास दाद देण्याचें सोडल्याचें जाहीर झालें, आणि २०१७ सालीं महाराष्ट्रांत तिनें कपाशीचें अतोनात नुकसान केलें. दोन मारक जनुकांचे वाणही तेव्हां निरुपयोगी ठरले. किड्याचा प्रतिकार ही गोष्ट जनुकाच्या मंद प्रकटीकरणाहून वेगळी आहे, हें खरें. केवळ मोजमापें करून ती टळली असती असें म्हणणें धाडसाचें होईल. उशिरापर्यंत शेतांत उभी राहणारी पऱ्हाटी व पुन्हां पाणी देऊन घेतलेली फरदड यांनींही अळीस आश्रय दिला. तथापि पहिली चूक दुसरीला साहाय्यभूत झाली, यांत शंका नाहीं.

शेतकऱ्याच्या बाजूनें पाहिलें तर यांतील अन्याय लक्षांत येतो. त्यानें पाकिटाची किंमत मोजली. पाकिटावर जें लिहिलें होतें तें खोटें नव्हतें. जनुक खरोखरच आंत होतें. तरीही ऐन हंगामांत डोमकळ्या दिसल्या व बोंडें किडकीं निघालीं, तेव्हां दोष बहुधा त्याच्याच माथीं मारला गेला. त्यानें फवारणी वेळेवर केली नाहीं, पेरणी चुकीच्या वेळीं केली, कीं भलतेंच बियाणें घेतलें, अशी चौकशी होई. झाडाच्या बोंडांत तें जनुक मूक झालें होतें, हें त्यास कोण सांगणार? ज्याच्या डोळ्यांना तें मौन दिसूं शकत नाहीं, त्याच्यावर त्याचा बोजा टाकणें हें बनीच्या काळीं जसें गैर होतें, तसेंच आजही आहे.

म्हणूनच प्रकटीकरणाच्या अभ्यासाचें खरें महत्त्व केवळ दोष दाखविण्यांत नाहीं. पुढच्या पैदाशीस त्यानें डोळे दिले आहेत. कपाशीचाच दुसरा दाखला घ्या. कापसाचा प्रत्येक तंतु ही सरकीच्या सालीवरील एकेक पेशी असते. फूल उमलतें त्या दिवसाच्या सुमारास ती उगवते, दोन-तीन आठवडे लांब होते, आणि मग तिच्या भिंतींत काष्ठतंतूंचा जाड थर बसतो. लांबी पहिल्या अवस्थेंत ठरते, बळकटी दुसऱ्या अवस्थेंत. १९९६ सालीं डेबोरा डेल्मर व त्यांचे सहकारी यांनीं वाढत्या तंतूंतील जनुकांच्या नकला वाचल्या, आणि भिंत जाड होऊं लागते नेमक्या त्याच वेळीं ज्याच्या नकला एकदम वाढतात असें जनुक शोधून काढलें. वनस्पतींतील काष्ठतंतु घडविणारें जनुक प्रथम असें कापसाच्या तंतूंत सांपडलें. मातीविषयींची लिव्हरपूलची जुनी तक्रार, म्हणजे आंखूड धागा, ती आतां 'कोणत्या दिवशीं कोणतीं जनुकें लवकर थांबलीं' अशा प्रश्नाच्या रूपांत मांडतां येते. प्रश्न असा मांडला कीं पैदास करणाऱ्यास बोंड फुटण्याची वाट न पाहतां निवड करण्याचें साधन मिळतें.

देशी कपाशीचा विचारही येथेंच केला पाहिजे. अकोल्याच्या विद्यापीठानें देशी जातींतूनही सरळ वाण काढले आहेत. त्यांची सरकी शेतकऱ्यास घरीं राखतां येते, आणि त्या जाती पाण्याचा ताण व रस शोषणाऱ्या किडी यांस पुष्कळ अंशीं तोंड देतात. २०१४ सालीं चीनमधील शास्त्रज्ञांनीं देशी कपाशीच्या एका प्रजातीचा समग्र जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला. आतां ताणाच्या दिवसांत तिच्या मुळांत व पानांत कोणते रुमाल सोडले जातात, हें पाहणें शक्य झालें आहे. कपाशीच्या शेजारच्या ओळींत उभ्या असलेल्या तुरीचेंही तेंच. 'आशा' या वाणाचा जनुकसंच २०११ सालीं वाचला गेला, आणि २०१७ सालीं हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेंतील संशोधकांनीं त्याच वाणाच्या बीजांकुरापासून पिकलेल्या दाण्यापर्यंतच्या निरनिराळ्या अवस्थांत कोणतीं जनुकें केव्हां प्रकट होतात, याचा एक नकाशाच सिद्ध केला. गरिबाच्या डाळीचें एवढें बारीक चरित्र पूर्वीं कोणीं लिहिलें नव्हतें.

मात्र या विद्येसंबंधानें एक सावधगिरी बाळगणें अगत्याचें आहे. प्रयोगशाळेंतील कुंडींत, वेळच्या वेळीं पाणी मिळालेल्या झाडाचें दप्तर ज्या क्रमानें उघडतें, त्याच क्रमानें तें कोरडवाहू रानांतही उघडेल, असें गृहीत धरतां येणार नाहीं. आश्लेषांत पावसानें ओढ दिली, कीं झाड आपला सारा कारभार बदलतें. तेव्हां मोजमाप घ्यावयाचें तें अमडापूरसारख्या गांवच्या शेतांत, तेथल्याच जमिनींत व तेथल्याच पावसांत घेतलें पाहिजे. आणि त्याचा निकाल बियाण्याच्या पाकिटावर शेतकऱ्यास समजेल अशा भाषेंत छापला पाहिजे. रुईचा उतारा किती, हें शेतकरी रोझियमच्या काळापासून विचारीत आला आहे. संरक्षण किती दिवसांचें व झाडाच्या कोणत्या भागांत, हा प्रश्न विचारण्याचाही त्यास तितकाच अधिकार आहे.

वऱ्हाडच्या कपाशीचा इतिहास या दृष्टीनें वाचला, तर शेतकरी व शास्त्रज्ञ यांच्यांतील अंतर वाटतें तेवढें मोठें नाहीं असें दिसून येतें. बीं माझ्या शेतांत काय करून दाखवील, एवढाच शेतकऱ्याचा प्रश्न होता. त्याचें उत्तर देण्याचीं साधनें शास्त्राच्या हातीं दीडशें वर्षांनीं आलीं. तीं साधनें नागपूर व अकोला येथून घाट चढून रानांत पोंचलीं, तर बनीपासून बी. टी.पर्यंत जी चूक दोनदां झाली ती तिसऱ्यांदा होणार नाहीं. नाहीं पोंचलीं, तर बियाण्याचीं पाकिटें बदलत राहतील, आणि मृगाच्या सरीबरोबर शेतकरी पुन्हां एकदां न उघडलेलें दप्तर मातींत पुरून त्याच्या उत्तराची वाट पाहत बसेल.